पाखरू चौकटीत येईना

मराठीत 'टिपणे' हे एक मोठे मजेदार क्रियापद आहे. चिमणी दाणे टिपते, शिकारी चिमणीला टिपतो, विद्यार्थी व्याख्यान टिपून घेतात (निदान मी तशी समजूत करून घेतली आहे), आणि आई पोराच्या डोळ्यांतले पाणी पदराने टिपते. टीपकागद शाई टिपतो. म्हणजे टिपत असे. या सगळ्या टिपण्यांत शेवटी भर पडली ती छायाचित्र टिपण्याची. वर्गात हा शब्द मी अनेकदा फळ्यावर लिहिला आहे. पण त्याचे बहुतेक सगळे अर्थ एकाच पुळणीवर, एकाच हिवाळ्यात एकत्र नांदताना पाहावयास मिळाले ते श्रीवर्धनला.

एरवी या पानावर शब्द, पुस्तके आणि शेजारी यांच्याविषयी गप्पा मारणाऱ्या मास्तराने एकदम कॅमेऱ्याकडे वळावे, हे काही वाचकांना रुचावयाचे नाही. त्यांनी चकलीचा तुकडा तोंडात टाकून पुढचे पान उलटावे. माझा त्यांच्यावर राग नाही. पण संपादकांनी दिवाळीनिमित्त नेहमीपेक्षा जास्त जागा देऊ केली आहे आणि गेले वर्षभर माझ्या डोक्यात दुसरा विषयच नाही, तेव्हा माझाही इलाज नाही.

कॅमेरा घेतला तो गेल्या दिवाळीच्या आसपास. निकॉन कंपनीचा कूलपिक्स पी९५०. २०२० साली बाजारात आलेला. वजन किलोभर. किंमत सांगत नाही, कारण आमची सौ. हा अंक वाचते. याची भिंगे बदलावयाची नसतात. एकच नळी, ती बटण दाबले की घरघर करीत कासवाच्या मानेसारखी पुढे येते, आणि समोरचे दृश्य ८३ पटींपर्यंत जवळ आणते. जाहिरातीतला २००० मिलिमीटर हा आकडा ऐकून कोणालाही वाटेल की दोन मीटर लांबीची तोफ असेल. तसे काही नाही. आतल्या भिंगांचे खरे नाभ्यंतर फार तर ३५७ मिलिमीटर. मात्र ज्या चकतीवर चित्र उमटते ती तुरीच्या डाळीएवढी, जेमतेम सहा मिलिमीटर रुंद. एवढ्याशा चकतीत दृश्याचा एवढासाच तुकडा मावतो. म्हणून जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याला जो परिणाम साधावयास २००० मिलिमीटरची नळी लागली असती, तो इथे हातात मावणाऱ्या यंत्रात साधतो. फुकट काहीच मिळत नाही. डाळीएवढ्या चकतीला प्रकाश कमी मिळतो, आणि सूर्य कलला की चित्रावर रवा सांडल्यासारखे कण दिसू लागतात.

आकडेमोडीची मला आवड नाही, पण एक हिशेब केला आणि सगळी विद्या त्यातच आहे हे कळले. शंभर मीटरवर काही पाहावयाचे आहे असे समजा. नळी पूर्ण आत असताना चौकटीत सुमारे दीडशे मीटर रुंदीचा किनारा मावतो. म्हणजे होड्या, सुरूची झाडे, घोडागाडी आणि भेळवाला, सगळे. नळी पूर्ण बाहेर काढली की त्याच अंतरावर चौकट उरते पावणेदोन मीटरची. किनाऱ्याच्या त्या अफाट पसाऱ्यात पावणेदोन मीटरची खिडकी नेमकी कुठे उघडावी? डोळ्यांना पक्षी स्वच्छ दिसत असतो, बोट दाखवून शेजाऱ्याला सांगता येते, आणि कॅमेऱ्याला डोळा लावला की निळे आकाश. अगदी स्वच्छ, सुंदर, रिकामे निळे आकाश. चिरंजीव दहावीत आहेत, त्यांनी पहिल्या दिवशी विचारले, "बाबा, तुम्ही हवेचे फोटो काढताय का?"

याच्यावरचा उपाय कोणत्याही पुस्तकाशिवाय सुचण्याजोगा आहे, पण अंगवळणी पडावयास महिना जातो. आधी नळी आत ठेवावी आणि पक्षी चौकटीच्या मध्यावर आणावा. डोळा न हलवता, मान न हलवता, नळी सावकाश बाहेर काढावी. पक्षी निसटला तर भटकत बसू नये. नळीच्या डाव्या अंगाला एक छोटे बटण असते. ते दाबले की दृश्य क्षणभर पुन्हा रुंद होते आणि मधोमध एक चौकोन दिसतो. त्या चौकोनात पक्षी बसवावा, बटण सोडावे, की नळी होती तिथे परत जाते. दुसरी युक्ती म्हणजे खुणेची. पक्षी छोटा, पण त्याच्या डावीकडे पडलेला नारळ मोठा. आधी नारळ शोधावा आणि नारळाचा हात धरून पक्ष्याकडे यावे. आमच्या खेड्यापाड्यांत पत्ता सांगण्याची हीच रीत आहे. घर क्रमांक कोणी सांगत नाही. 'पिंपळाच्या पुढे, देवळाच्या अलीकडे' असे सांगतात.

बाकीचे धडे शरीराचे. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, श्वास अर्धा सोडून थांबावे, आणि बटण दाबावयाचे म्हणजे कलिंगड पिकले आहे का ते पाहताना जसे हलके बोट टेकवतो तसे. कॅमेऱ्यात हाताची थरथर सावरणारी यंत्रणा असते. ती हात सावरते, पक्षी सावरत नाही. उभा असलेला तुतवार शेपटी वरखाली करीत असतो, त्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. उडत्या कुरवाला दोन हजारावा भाग लागतो. आणि पांढऱ्या पक्ष्यांसाठी उजेड थोडा कमी धरावा लागतो, नाही तर उन्हातला बगळा धुतलेल्या धोतरासारखा नुसता पांढराफटक उमटतो. पिसे कुठेच नाहीत.

श्रीवर्धनचा संबंध असा, की तिथे आमच्या सौ.चे मामा राहतात. माणगावला आगगाडीतून उतरावे, म्हसळ्यावरून जाणारी एस. टी. धरावी, घाट उतरताना वाऱ्याला खारट वास आला की समजावे, आले. गाव पहिल्या पेशव्यांचे, बाळाजी विश्वनाथांचे. दुसरी कीर्ती सुपारीची. श्रीवर्धनी रोठा म्हणजे अडकित्त्याखाली पांढराशुभ्र गर निघणारी मोठी सुपारी. मामांची वाडी त्याच सुपारीची. वय ब्याऐंशी, आवाज खणखणीत, आणि पंचांग तोंडपाठ.

भरतीची वेळ मी फोनवर शोधत होतो. मामा ओटीवरून म्हणाले, "जावईबुवा, तिथी कोणती आज?"

"दशमी असावी."

"मग साडेसात. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे. त्याला बॅटरी लागत नाही."

फोनमधल्या आकड्यांशी पाच-दहा मिनिटांच्या फरकाने ते जुळले. या हिशेबाने माझे अर्धे छायाचित्रण सुधारले म्हटले तरी चालेल. कारण किनाऱ्यावरचे पक्षी घड्याळावर चालत नाहीत, पाण्यावर चालतात. ओहोटीला पुळण अर्धा मैल उघडी पडते आणि चिखले दूर दूर पांगतात. त्यांच्या मागे धावणारा माणूस त्यांना पुढे पुढे हाकलीत नेतो. भरती चढू लागली की पाणीच त्यांना थोडे थोडे करून वर आणते. माणसाने आधीच कोरड्या वाळूच्या कडेला जाऊन बसावे आणि समुद्राला काम करू द्यावे. त्यातही दशमी-एकादशी उत्तम. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी सूर्य आपल्या पाठीमागून, माडांच्या शेंड्यांवरून येतो आणि उजेड थेट पक्ष्याच्या अंगावर पडतो. संध्याकाळी सगळे उलटे. तेव्हा पर्यटक फार आणि पक्षी नुसते काळे कातरकाम.

नऊ वाजून गेले की मात्र गाशा गुंडाळावा. वाळू तापते, तिच्यावरची हवा थरथरू लागते, आणि दूरच्या पक्ष्याच्या कडा उकळत्या पाण्यातल्या शेवयांसारख्या हलतात. डोळ्यांना हे जाणवत नाही. ८३ पटींना जाणवते. यावर कोणत्याही भिंगाजवळ उत्तर नाही. उत्तर एकच, लवकर उठणे. सुट्टीत लवकर उठण्याविषयी सौ.चे मत मी इथे देत नाही.

आणखी एक शिकलो ते वाळूवर पालथे पडावयास. उभ्याने काढलेल्या चित्रात पक्षी खड्ड्यात पडल्यासारखा दिसतो. त्याच्या डोळ्याच्या पातळीला उतरले की मागची वाळू विरघळून जाते आणि मूठभर पाखरू एकदम कोणीतरी वाटू लागते. पण चाळिशी ओलांडलेल्या, चष्मा लावलेल्या, पोटाचा किंचित विस्तार झालेल्या गृहस्थाने भर किनाऱ्यावर पालथे पडणे ही गोष्ट समाजाला चटकन पटत नाही. जीवना बंदराकडून येणारा एक कोळी थांबला, नळीकडे पाहून म्हणाला, "मास्तर, बंदूक हाय का काय?" कॅमेरा आहे म्हटल्यावर त्याची निराशा झाली. दुसऱ्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्यासह फिरायला आली होती. ती धावतच जवळ आली. "सर, बरं वाटत नाहीये का? उठवू का?" मी हाताने खूण केली, गप्प राहा. तिने नवऱ्याला हळूच सांगितले, "आमचे सर. मराठी शिकवायचे." त्या 'मराठी'वर तिने जो भर दिला तो मला अजून आठवतो.

ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती मंडळी काही साधीसुधी नव्हेत. वाळूवर तुरुतुरु धावणारा, चिमणीहून जरासा मोठा चिखल्या हिमालयापलीकडच्या उंच पठारांवरून आलेला असतो. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांवर अंडी घालतो आणि हिवाळा आमच्या मासळीबाजाराच्या मागे काढतो. थंडीत त्याचे डोके पांढरे असते, कानामागे फक्त काळा ठिपका, त्यामुळे काळ्या डोक्याच्या भावंडापासून ओळखणे जिकिरीचे. उडताना पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे कवडसे दिसले की ओळख पटते. आणि ते कवडसे दाखविणे हेच लांब नळीचे खरे काम. कधी एखाद्याच्या पायात अभ्यासकांनी अडकवलेली चिमुकली पताका असते, तिच्यावर अक्षरे असतात. ती अक्षरे चित्रात वाचता आली, तर त्या पक्ष्याच्या प्रवासाचे एक पान भरते. पूर्वी तेवढ्यासाठी पक्षी पुन्हा पकडावा लागे, नाही तर मेलेला सापडावा लागे.

या प्रवासाची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण देतो. २०२२ च्या ऑक्टोबरात पाणटिवळ्याच्या जातीतले एक पिल्लू, वय पाच महिन्यांचे, अलास्कातून उडाले ते अकरा दिवसांनी टास्मानियात उतरले. मध्ये कुठेही न थांबता १३,५६० किलोमीटर. पाठीवरच्या यंत्राने ते मोजले. ही पाखरे अंगावर चरबीची शिदोरी बांधून निघतात, आणि ती शिदोरी भरते ती अशा पुळणींवर आणि खाजणांवर, किडा-किडा टिपून. म्हणून आपण चांगले चित्र मिळावे या हावेने पाच पावले पुढे सरकतो आणि थवा उठतो, तेव्हा त्याची वाटखर्चीच आपण खर्च करीत असतो. किनाऱ्यावर मोटारी घालून थवे उधळणारे उत्साही वीर मी पाहिले आहेत. त्यांच्या कॅमेऱ्यातही उडत्या पक्ष्यांची चित्रे सुरेख येतात.

पक्षी टिपण्यासाठी माणसाने काय काय केले आहे! इंग्लंडात कीर्टन बंधू म्हणून दोघे होते. त्यांनी १९०० च्या सुमारास पोकळ बैल तयार करविला, त्याच्या पोटात माणूस आणि कॅमेरा बसवून तो कुरणात उभा केला. नंतरच्या काळात सिंगापूरचे धनिक लोक वान थो हे सलीम अलींबरोबर हिंदुस्थानभर फिरून पक्ष्यांची छायाचित्रे घेत. १९६४ मध्ये विमान अपघातात ते गेले. आणि खुद्द सलीम अली? आमच्याच जिल्ह्यात (तेव्हा तो कुलाबा जिल्हा, रायगड हे नाव १९८१ मधले), अलिबागजवळच्या किहीमला १९३० साली त्यांनी सुगरणींची वसाहत रोज बसून पाहिली. घरटे बांधतो नर, ते पारखून पसंत करते मादी, आणि एक घर मार्गी लागले की हे महाशय शेजारी दुसरे बांधावयास घेतात, हा संसार त्यांनी तिथे उलगडला. ८३ पटींची नळी नव्हती. वही, पेन्सिल, आणि हलता न येणारी बैठक, एवढेच भांडवल होते. तेही टिपणेच.

आता वाडीतल्या गोष्टीकडे येतो.

मामांच्या वाडीच्या मागच्या कुंपणाशी एक जुना, उंच आंबा आहे, आणि त्याच्या शेंड्याकडे समुद्र गरुडाचे घरटे आहे. कोकणात याला काकण म्हणतात. पोट आणि डोके शुभ्र, पाठ राखी, पसरलेल्या पंखांची लांबी दोन मीटरच्या घरात. ओरडतो बदकासारखा ठणठणीत. नाव आवाजावरून पडले असावे असा माझा तर्क आहे, सिद्ध करावयास मला सांगू नये. जोडी वर्षानुवर्षे त्याच घरट्यावर नव्या काटक्या रचते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ या किनाऱ्यावर चालून आले, ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा. मामांच्या पोफळी चार तासांत काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. आंबा राहिला. घरटे उडाले. पुढच्या थंडीत जोडीने ते पुन्हा बांधले. मामांनीही रोपे लावली. पण पोफळीचे रोप पीक द्यावयास पाच-सात वर्षे घेते, आणि ब्याऐंशीव्या वर्षी पाच-सात वर्षे म्हणजे काय, हे मामा बोलून दाखवीत नाहीत.

हे घरटे मामांना आता दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. कडेचे दिसते, मधले पुसले जाते. "ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होतं," ते हसून म्हणतात. चाळीस वर्षे रोज सकाळी दात घासताना पाहिलेली ती जोडी आता त्यांना फक्त ऐकू येते.

ओटीपासून आंबा सव्वाशे पावलांवर, नव्वदेक मीटर. इथे नळी पूर्ण काढली की चौकट दीड मीटर रुंद. बसलेला काकण निम्मी चौकट व्यापतो, आणि पंख पसरले की मावत नाही. मी ओटीवर तिकाटण्यावर कॅमेरा लावला, चित्रे घेतली, आणि चिरंजीवांनी तार जोडून ती माजघरातल्या टीव्हीवर लावली. मामा टीव्हीपासून दोन विती अंतरावर पाटावर बसले. मान थोडी तिरकी करून, कडेने, पाहू लागले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मादीच्या डाव्या पंखात एक पीस नव्हतं. वादळाच्या आधीची गोष्ट. ही ती दिसत नाही."

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "पिलू आहे का हो?"

पिलू होते. चौथ्या चित्रात काटक्यांच्या कडेवरून एक करड्या कापसाचा गोळा डोकावत होता.

इथपर्यंत सगळे गोड. त्यातले एक चित्र चिरंजीवांच्या मावसभावाने घराण्याच्या गटात पाठविले, तिथून ते कोणाच्या मित्राकडे गेले, आणि तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. बोलणारा गृहस्थ सभ्य होता. आठ-दहा छायाचित्रकारांचा चमू घेऊन येतो, माणशी एका सकाळचे हजार रुपये देतो, फक्त आंब्याजवळ मचाण बांधू द्यावे, म्हणाला. पिलू मोठे होईपर्यंत दर शनिवार-रविवार.

हिशेब मामींनी केला. त्यांना तिथीची पाऊणपट करता येत नसेल, पण आठ माणसे गुणिले हजार गुणिले दोन दिवस त्यांनी भाजी चिरता चिरता केले. वादळानंतर घराची मागची बाजू पत्र्यांवर आहे. कौले चढवावयाची राहिली आहेत. "पाखराला काय कळतंय," त्या म्हणाल्या, "लांबून तर काढणार. आणि जावईबुवा काढतातच की! त्यांचं चालतं?"

प्रश्न रास्त होता. सौ.ने माझ्याकडे पाहिले. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. मी ओटीचे अंतर आणि मचाणाचे अंतर यांतला फरक सांगितला. ओटीवर माणसांची ये-जा त्या जोडीने जन्मभर पाहिली आहे. झाडाखाली दहा अनोळखी माणसे आणि बांबूंची बांधणी तिने पाहिलेली नाही. मोठा पक्षी भिऊन उठला आणि तासभर परतला नाही, तर पिलू उन्हात उघडे पडते, आणि कावळे नेमके त्याच तासाची वाट पाहत असतात. मग मी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सांगितले. त्या कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे, आणि भाषेच्या मास्तराने टोपी काढावी अशी आहे. नुसते मारणे म्हणजे शिकार नव्हे. पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणे हीसुद्धा शिकारच. जीवना बंदरावरच्या त्या कोळ्याने बंदूक आहे का विचारले, तेव्हा तो कायद्याच्या फार जवळ होता.

मामींना कायद्याशी कर्तव्य नव्हते. "कायदा कौलं घालणार आहे का?" त्या म्हणाल्या. याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. कोकणातल्या कित्येक घरांत हा प्रश्न असा स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे. किनाऱ्यावर काही गावांनी त्याचे उत्तर शोधले आहे. बाणकोट खाडीपलीकडच्या वेळासला कासवांची पिले समुद्रात जाताना पाहावयास माणसे येतात, गावातल्या घरांत उतरतात, जेवतात, आणि पिलांना हात न लावता परत जातात. आपल्या म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडे राखली गेली, ती गावाने मनावर घेतले म्हणून. पण तिथे सारा गाव होता आणि पाठीशी जाणती माणसे होती. इथे एक आंबा, एक म्हातारा, आणि पुढच्या शनिवारी येऊ का म्हणून विचारणारा फोन.

मामा इतका वेळ गप्प होते. त्यांनी फोन मागितला. "अहो, या ना," ते म्हणाले, "जरूर या. चैत्र संपल्यावर या. आंबे असतील. नाही नाही, पिलू तेव्हा नसेल. म्हणूनच म्हणतो." पलीकडचा सभ्य गृहस्थ काही तरी रकमेविषयी बोलला असावा, कारण मामांनी एक आकडा ऐकून मामींकडे मान वळविली, मामी दिसू नयेत अशी सरळ वळविली. "नको," म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला.

दोन दिवस घरात बोलणे बेताचेच झाले. सोलकढीही बेताची झाली. पुण्याच्या गृहस्थाला मीच पुन्हा फोन केला आणि दशमी-एकादशीच्या सकाळी पुळणीवर यावयास सांगितले, चढत्या भरतीला, पाठीवर ऊन घेऊन. ते चौघे आले, वाळूत पालथे पडले, मामींच्या हातचे जेवले आणि जेवणाचे पैसे मोजून देऊन गेले. ते पैसे कौलांच्या मानाने किरकोळच होते. मामी अजून म्हणतात, "तुमच्या काकणानं माझी कौलं खाल्ली."

शिमग्याला आम्ही पुन्हा गेलो. पिलू घरट्यातून बाहेर फांदीवर येऊन बसले होते; आकाराने आईएवढे, रंगाने मात्र मातकट तपकिरी. नर खाडीकडून आला तो पंजात काही लोंबकळत घेऊन. मी सलग दहा चित्रे घेतली आणि माजघरात टीव्हीवर लावली. मामींना वाटले वाम आहे. मोठे करून पाहिले तर समुद्रसाप निघाला, पट्ट्यापट्ट्यांचा.

मामांनी मान तिरकी करून पिलाकडे बराच वेळ पाहिले. "हे असं काळपट का?"

"लहानपणी तसंच असतं. आईबापांसारखं पांढरं व्हायला चारेक वर्षं लागतात."

"चार." त्यांनी बोटांवर काही मोजले. मग मागच्या दाराकडे तोंड करून मामींना विचारले, की नव्या पोफळींना पाणी लावायला गडी आला का.